पाऊण ब्रासचं भोक

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उन्हाळा लागला की पुणे जिल्ह्यात बोअर मारणाऱ्या गाड्या फिरू लागतात आणि मागे कोरडी भोकंही सोडून जातात. बोअरमध्ये अडकणारी मुलं, त्यांची सुटका आणि उघडी बोअर बंद करणं यांवर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

आमची अंगणवाडी वस्तीवर आहे, आजूबाजूला शेतं आणि तीन-चार उघडी बोअर. मूल आत पडलंच तर मदत येईपर्यंत गावकऱ्यांनी नेमकं काय करायचं?
— अंगणवाडी सेविका, सासवड परिसर

फोन आधी. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. ‘बोअरमध्ये मूल पडलंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर विहिरीत उतरायची शिडी आणि गळ घेऊन गाडी येते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची ५वी बटालियन मावळात सुदुंबरे इथे आहे. तिला जिल्हा प्रशासनामार्फत बोलावलं जातं. त्यामुळे तलाठी किंवा तहसीलदारांना लगेच कळवा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांकही लावा.

दुसरा फोन ज्याने बोअर मारलं त्या गाडीवाल्याला. हे कुणाला सुचत नाही, पण माती किती फूट, मुरूम किती, काळा पाषाण कुठून लागला, केसिंग (वरच्या मातीला आधार देणारा पाईप) किती टाकलं, नंतर काढलं का, पाणी कितीवर होतं, हे त्यालाच ठाऊक असतं. खणायचं कसं हे या माहितीवर ठरतं. ती नसेल तर पहिले दोन-तीन तास अंदाज बांधण्यातच जातात.

आता तोंडापाशी. भोकाच्या कडेला गर्दी झाली की माती आणि खडे थेट मुलाच्या डोक्यावर पडतात. प्लायवूडच्या ८ बाय ४ फुटी दोन शीट भोकाच्या दोन्ही बाजूंना आडव्या टाका, म्हणजे वजन पसरतं. त्यावर एकाच वेळी दोन माणसं, तीही गुडघ्यांवर. बाकी सगळे किमान १५ फुटांबाहेर, गाड्या आणि ट्रॅक्टर शंभर फूट लांब. जनरेटर वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे त्याचा धूर भोकाकडे येणार नाही असा ठेवा. पावसाची चिन्हं असतील तर भोकाभोवती मातीचा बांध घाला आणि वर ताडपत्री ताणा.

मोबाईल दोरीला बांधून आत सोडू नका, तो सुटला तर डोक्यावरच आपटतो. बोअर तपासायचा कॅमेरा अनेक मोटर दुरुस्तीवाल्यांकडे असतो, तो मागवा. तोवर मुलाशी एकाच ओळखीच्या आवाजाने बोलावं, आई किंवा आजी, जी रडत नसेल ती. “पाय हलतो का? हात वर आहे की खाली?” असे छोटे प्रश्न विचारा आणि उत्तरं वेळेसकट लिहून ठेवा. पन्नास जण एकदम हाका मारत असतील तर आतलं कण्हणं ऐकू येत नाही. एक माणूस फक्त शांतता राखायला उभा करावा.

ऑक्सिजन आरोग्य कर्मचारी आल्यावर, वैद्यकीय सिलिंडरमधूनच. अरुंद भोकात अडकलेलं मूल बुचासारखं बसतं, आणि त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साईड वर तोंडाभोवती साचतो. म्हणून मऊ नळी मुलाच्या दोन-तीन फूट वरपर्यंत सोडून हलका प्रवाह चालू ठेवतात. ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला १० लिटरने साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो, त्यामुळे दुसरा आधीच मागवून ठेवावा. जोडणीला तेल-ग्रीस लावायचं नाही आणि आसपास विडी पेटवायची नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडू नका, तिच्यात तेलाचे कण असतात.

मूल दिसतंय, हात वर केलेला आहे, तर वरूनच दोर किंवा हूक लावून का ओढत नाहीत? इतकं खणण्यापेक्षा ते सोपं नाही का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कर्वेनगर

कधी कधी होतं. मूल १०-१५ फुटांवर असेल, दोन्ही हात वर असतील आणि अंगाभोवती बोटभर तरी जागा असेल तर प्रयत्न करण्यासारखा असतो. जागा नसते ही खरी अडचण.

दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४८ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी सहा इंचांच्या आसपास. आपल्याकडचं बोअर साडेसहा इंची असतं. खाली जाताना हात वर होतात, खांदे आवळतात आणि शरीर सरळ घसरतं. वर ओढताना उलटं होतं. सदरा गोळा होऊन काखेत अडकतो, कोपरं बाहेर फाकतात आणि माशाच्या गळाच्या काट्यासारखी रुततात. एका हाताला जोर दिला तर खांदा निखळतो. आणि फास निसटला तर मूल आधी होतं त्याहून खाली जातं.

तमिळनाडूत तिरुचिरापल्ली जिल्ह्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन वर्षांचं मूल सुरुवातीला ३० फुटांच्या आत अडकलं होतं. वरून काढण्याचे प्रयत्न चालू असतानाच ते खाली घसरत गेलं आणि शेवटी ८८ फुटांवर पोचलं. शेजारी खणताना कठीण खडक लागला. मूल वाचलं नाही. म्हणून आता मनगटाला फास लावायचा असेल तर मूल आणखी खाली घसरू नये म्हणून अटकाव, एवढाच त्याचा हेतू धरावा. दोराचं वरचं टोक तिकाटण्याला, म्हणजे तीन पायांच्या घोडीला पक्कं बांधायचं, हातात धरून ठेवायचं नाही.

यंत्रमानवाचे हात, फुगणारी पिशवी, छत्रीसारखी उघडणारी जाळी अशी साधनंही बनली आहेत. ती मुलाच्या खाली पोचवायची तर मुलाच्या बाजूने जायला जागा हवी, आणि फिरून तीच अडचण समोर येते.

मी पोकलेन चालवतो. अशा कामावर बोलावलं तर खड्डा बोअरपासून किती लांब धरायचा? जवळ खणलं तर लवकर पोचू, असं सगळे ओरडत असतात.
— पोकलेनचालक, चाकण

ओरडणाऱ्यांचं ऐकू नका. बोअरभोवती किमान दोन मीटरचा अखंड मातीचा खांब राहिला पाहिजे. दगड सुटा असेल, केसिंग काढलेलं असेल तर तीन मीटर. तो खांब ढासळला तर मूल त्यात गाडलं जातं.

समजा मूल २५ फुटांवर आहे. तुम्हाला ३० फूट, म्हणजे ९ मीटर खाली जायचंय, कारण आडवा बोगदा मुलाच्या पायांखाली निघायला हवा. तळ ४ बाय ४ मीटर. बोअरकडची भिंत उभी ठेवून तिला लोखंडी पत्रे आणि टेकू, बाकीच्या तिन्ही बाजूंना मुरमात एकास एक उतार. यंत्राला खाली उतरायला रॅम्प लागतो, कारण २० टनी पोकलेनचा हात वरून साधारण साडेसहा मीटरच पोचतो. हे सगळं मिळून सुमारे १,५०० घनमीटर होतं, म्हणजे ५३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटल्यावर ती माती पाव पटीने फुगते. ती खड्ड्याच्या काठावर टाकायची नाही. खड्डा जितका खोल, काठापासून किमान तितकं अंतर सोडून ढीग लावायचा. मुरमात एक मशीन तासाला ६०-७० घनमीटर काढतं असं धरलं तरी दोन मशीनना अकरा-बारा तास लागतात, तेही न थांबता. आणि दर अर्ध्या तासाला थांबावंच लागतं, आतला आवाज ऐकायला.

आंबेगाव तालुक्यात थोरांदळे इथे फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा वर्षांचा मुलगा २०० फुटी बोअरमध्ये १० फुटांवर अडकला होता. १० फूट म्हणजे घराचा एक मजला. त्याला सुखरूप बाहेर काढायला एनडीआरएफला सुमारे १६ तास लागले. कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात एप्रिल २०२४ मध्ये १६ फुटांवर डोकं खाली अशा स्थितीतलं मूल २० तासांनी जिवंत निघालं. दोन्हीकडे शेजारी खणूनच पोचले.

मुरूम संपून काळा पाषाण लागला की हिशेब बदलतो. ब्रेकर, म्हणजे पोकलेनला लावायचा दगड फोडणारा हातोडा, लावला की हादरे कातळातून थेट बोअरच्या भिंतीला जातात, वरची सुटी माती झडते आणि मूल घसरू शकतं. बोअरपासून पाच मीटरच्या आत ब्रेकर बंद, सुरुंगाचं तर नाव काढू नका. तिथे ओळीत भोकं पाडून पाचरी मारायच्या आणि घणाने कातळ चिरायचा. पिढ्यान् पिढ्या दगड फोडणारे कारागीर आपल्याकडे आहेत. कातळाची शीर कुठून जाते हे त्यांना नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून कळतं, अशा वेळी त्यांना बोलवायला लाजू नये. भोकात भरायची फुगणारी पावडरही मिळते, पण तिला दगड तडकवायला १२ ते २४ तास लागतात. अमेरिकेत टेक्सासमधल्या मिडलंड गावी १९८७ मध्ये दीड वर्षाची मुलगी आठ इंची पाईपमध्ये २२ फुटांवर अडकली होती. शेजारी खणून झालं, पण आडवा बोगदा कठीण खडकात अडला. ठोकायचं मशीन खाली मारायला बनवलेलं असतं, आडवं धरलं की माणसाच्या हातातच जड होतं. शेवटी अति दाबाच्या पाण्याच्या धारेने खडक कापला. ५८ तासांनी मुलगी जिवंत निघाली.

३०-३५ फुटांच्या खाली उघडा खड्डा परवडत नाही. तिथे पाइलिंगची रिग, म्हणजे इमारतीच्या पायासाठी खोल भोकं पाडणारं यंत्र आणून मीटरभर रुंदीचं उभं भोक पाडतात, त्यात लोखंडी पाईप उतरवतात आणि माणूस हार्नेस बांधून खाली जातो. हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात हल्दाहेडी गावात जुलै २००६ मध्ये लष्कराने शेजारून खोदून ६० फुटांवरून पाच वर्षांच्या मुलाला सुमारे ५० तासांनी काढलं.

पण बोअर ओळंब्यात असतं असं गृहीत धरू नका. एक अंशाने जरी कललं असेल तरी १०० फुटांवर २१ इंच बाजूला जातं. वरून मोजून खाली बोगदा काढला आणि बोअर सापडलंच नाही, असं होतं ते यामुळे. केबलच्या टोकाला जागा दाखवणारा संदेशक असलेला कॅमेरा बोअरमध्ये सोडून खालून त्याचा माग काढावा लागतो.

शेवटचा एक फूट यंत्राने कधीच नाही. बोगदा तीन फूट रुंद, चार फूट उंच ठेवा. मुलाच्या पायांच्या अंदाजे फूटभर खाली आधी एक इंची भोक पाडायचं आणि त्यातून कॅमेऱ्याने बघायचं. जागा बरोबर असेल तर ते भोक रुंद करून आधी एक फळी किंवा पत्रा आडवा सरकवायचा, म्हणजे बोअरला तळ मिळतो. त्यानंतरच छिन्नीने भिंत उघडायची. ही पायरी घाईत गाळली तर उघडलेल्या भिंतीतून मूल डोळ्यांदेखत खाली निघून जातं.

दोन-तीन दिवस अडकलेली मुलं जिवंत निघतात, काही मात्र काही तासांतच जातात. असं का?
— वाचक, हडपसर

खोली किती यापेक्षा मूल कसं अडकलंय यावर जास्त अवलंबून असतं. छाती मोकळी आहे का, डोकं वर आहे का, तोंडावर माती पडली का आणि पाणी कुठवर आहे, या चार गोष्टी पहिल्या. छाती आवळली गेली तर प्रत्येक श्वास थोडा कमी भरतो आणि मूल थकून झोपल्यासारखं शांत होत जातं. अशा शांततेला ‘झोपलं बिचारं’ समजू नये.

छत्तीसगडच्या जांजगीर-चांपा जिल्ह्यात जून २०२२ मध्ये एक मुलगा शंभराहून जास्त तासांनी जिवंत निघाला. त्याला खाणंपिणं पोचवता येत होतं, आणि गावकऱ्यांनी आसपासची बोअर चालू ठेवून आतल्या पाण्याची पातळी खाली ठेवली होती. पाण्याने भिजलेलं मूल उन्हाळ्यातही गारठतं. १२ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १,१०० मिलिलिटर पाणी लागतं, पण मान वळत नसेल तर वरून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. नळीने थेंब थेंब द्यायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

बाहेर काढल्यावर मुलाला उभं करून, खांद्यावर घेऊन मिरवू नये. तासन् तास दाबलेले पाय सुटले की त्यातली विषारी द्रव्यं एकदम रक्तात येतात, त्यामुळे जमल्यास सलाईन सुटकेच्या आधीच सुरू करतात. मानेला पट्टा, डोळ्यांवर सुती कापड, आडवं स्ट्रेचर आणि थेट रुग्णवाहिका. नारळ नंतर फोडता येतो.

आमच्या वाड्यात जुना आड आहे, चारेक फूट रुंद, आता वापरात नाही. वर पत्रा टाकलाय. चालेल का?
— ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

नाही. गंजलेला पत्रा उघड्या आडापेक्षा वाईट, कारण मुलं त्यावर उभी राहतात. १२ मिलिमीटर सळईची जाळी, सळयांमधलं अंतर १० सेंटिमीटरहून कमी, चारही बाजूंनी काठाच्या दगडात किंवा काँक्रीटमध्ये पक्की, आणि गाळ काढायला कुलपाचं झाकण. आडात माणूस उतरू शकतो, हाच त्याचा वेगळा धोका. पडलेल्याला काढायला एक उतरतो, तो बेशुद्ध होतो, मग दुसरा उतरतो. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. मोजणाऱ्या यंत्रात तो १९.५ टक्क्यांहून कमी दिसला तर श्वसनयंत्राशिवाय कुणी उतरायचं नाही. आणि पाणी उपसायला डिझेल पंप आडात उतरवू नका, त्याच्या धुराने माणसं मरतात.

शेजारच्या प्लॉटवर उघडं बोअर आहे. मालक परगावी. कायद्याने जबाबदारी कुणाची?
— वाचक, वाघोली

मालकाची आणि बोअर मारणाऱ्या एजन्सीचीही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये यावर निर्देश दिले, ऑगस्ट २०१० मध्ये त्यांत सुधारणा केली. बोअर मारण्याआधी १५ दिवस लेखी कळवणं, जागेवर फलक, कामाच्या वेळी कुंपण, आणि सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरणं हे त्यात आहे. देखरेख जिल्हाधिकाऱ्यांकडे. ग्रामपंचायत असो वा महापालिका, लेखी अर्ज द्या, फोटो आणि गट क्रमांकासह, आणि पोच घ्या. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा लागू शकतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्जावर कारवाई होईपर्यंत भोकावर निदान जड ढापा ठेवायला मालकाची परवानगी फोनवरही मिळते.

३०० फूट गेलो, पाणी लागलं नाही. गाडीवाल्याने केसिंग काढून नेलं, वर फरशी ठेवलीय. भरायचं तर किती माल लागेल, आणि कसं?
— शेतकरी, शिरूर तालुका

आधी हे समजून घ्या की केसिंग काढलं तिथेच धोका वाढला. आपल्याकडे वरचे २० ते ४० फूट माती-मुरूम, खाली काळा पाषाण. केसिंग फक्त वरच्या भागाला असतं आणि त्यासाठी भोक मोठं मारलेलं असतं. ते उपसलं की मुरूम झडतो, पहिल्या पावसात तोंड फूट-दीड फूट होतं. मूल त्या रुंद भागातून जातं आणि पाषाण सुरू होतो तिथे, साडेसहा इंचांत, घट्ट बसतं. फरशीखालची कड झडून फरशी एके दिवशी आपोआप तिरकी होते.

आता माल. साडेसहा इंची, ३०० फूट बोअरचं आकारमान सुमारे दोन घनमीटर, म्हणजे ०.७ ब्रास. वरचं तोंड ढासळून मोठं झालं असेल ते धरून एक ब्रास. एका ट्रॉलीचं काम आहे.

भरताना चूक होते ती मोठे दगड टाकण्याची. दोन दगड एकमेकांना अडून मध्येच पूल बनतो, वरून भोक भरल्यासारखं दिसतं, खाली दोनशे फूट पोकळी राहते. म्हणून ३०-४० मिलिमीटरहून मोठा तुकडा टाकायचा नाही. खडी, कच आणि चाळलेला मुरूम चालतो. काळी माती नको, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. गोणपाट, प्लास्टिक, कडबा तर नाहीच.

माल घमेल्याने, हळूहळू टाका आणि मोजत राहा. दर १० फुटांना साधारण अडीच घनफूट माल लागला पाहिजे. दोरीला ओळंबा बांधून अधूनमधून तळ तपासा. चार घमेली टाकल्यावर तळ एकदम चाळीस फुटांनी वर आलेला दिसला तर समजा पूल बसला. मग लोखंडी सळई किंवा पाईप दोराला बांधून वरून आपटत तो फोडा, पुढचा माल त्यानंतरच. पाणी असेल त्या भागात फक्त धुतलेली खडी, त्याच्या वर मुरूम, आणि शेवटचे दहा फूट सिमेंट काँक्रीट, म्हणजे शेतातलं खत-औषध भूजलात उतरत नाही. झाल्यावर वर फूटभर उंचवटा ठेवा.

सोसायटीच्या बोअरची मोटर काढून मेकॅनिक तीन दिवस गायब आहे. तोंडाला पोतं बांधलंय. कायमचं काय करावं?
— सोसायटीचे सचिव, खराडी

आज संध्याकाळच्या आत पोतं काढून झाकण बसवा. दुरुस्तीच्या काळातही बोअर उघडं ठेवायचं नाही, हे न्यायालयाच्या निर्देशांतच आहे. कायमसाठी केसिंगभोवती अर्धा बाय अर्धा मीटर, ०.६ मीटर जाडीचा काँक्रीटचा चौथरा करा, निम्मा जमिनीखाली आणि निम्मा वर. १:२:४ मिश्रणाला एक पोतं सिमेंट पुरतं. केसिंग लोखंडी असेल तर जाड प्लेट वेल्ड करा. पीव्हीसीला वेल्डिंग चालत नाही, त्याला क्लॅम्प आणि नट-बोल्टची झाकण-जोडी घ्या. नुसतं दाबून बसवलेलं पीव्हीसी टोपण उन्हाने दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं आणि क्रिकेटचा चेंडू लागला तरी फुटतं. मेकॅनिकला पैसे झाकणाचे बोल्ट आवळून झाल्यावर द्या.

तुमच्यासारख्याच एका जाणकाराच्या सल्ल्याने गेल्या वर्षी बोअर भरलं. जूनच्या पावसात दीड फूट खचलं. काम चुकलं का?
— शेतकरी, दौंड

दीड फूट खचणं साधारण आहे, माल ओला होऊन बसतो. आठ-दहा फूट खचलं असतं तर आत पूल राहिला होता असं समजायचं. ओळंबा सोडून बघा. दोरी दीड फुटावरच थांबत असेल तर त्या खड्ड्यात मुरूम टाकून धुमसा आणि वर पुन्हा उंचवटा करा. ओळंबा सुळकन खाली गेला तर तोंड आधी झाका, मग पुन्हा तळापासून भरायला घ्या. दोन पाऊस जाईपर्यंत त्या जागेवर ट्रॅक्टर नेऊ नका, आणि गणपतीच्या सुमारास एकदा जाऊन बघून या.